जनावरांचं टेबल

संगम पुलाच्या मधोमध आलो तेव्हा मुमताज म्हणाली, "ताई, नाकाला पदर लावा. आता खरं पुणं लागलं."

खाली नदीवर जलपर्णीचा हिरवा थर होता. त्यात पत्रावळ्या, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या, कुणाची तरी गादी, आणि चौकटीत बसवलेली देवाची एक तसबीर, काच फुटलेली, तोंड वर करून पडलेली. घरात ठेवायची नाही आणि कचऱ्यात टाकायचं धैर्य नाही, म्हणून पुलावरून सोडून द्यायची आणि हात जोडून घरी जायचं. मीही सवयीने हात जोडले आणि लगेच त्याच हाताने पदर नाकाला लावला. देवाला नमस्कार करताना नाक दाबावं लागतं याची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या वासाचीही आली नाही.

आम्ही शिवाजीनगर कोर्टापासून चालत निघालो होतो आणि जायचं होतं येरवड्याला. रिक्षांचा संप होता. बस यायची ती दारात माणसं लोंबकळत. मुमताजला त्याचं काही वाटत नव्हतं, ती जन्मभर या गावात पायीच हिंडली आहे. काळा कोट घडी करून हातावर, गळ्यातले पांढरे बँड पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबलेले, आणि चाल अशी की माझ्यासारखीला मागून बोलायचं तर आधी दम गोळा करावा लागतो.

मुमताज हमीद तांबोळी, सहायक सरकारी वकील. जंगलातली जनावरं आणि समुद्रातले जीव यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली जेवढे खटले आमच्या कार्यालयात येत, ते सगळे तिच्याकडे. मी तिथे लघुलेखिका होते. सुपेकरबाई. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मुमताजचं माझ्याकडे येणं काही थांबलं नाही. आमच्या नारायण पेठेत काही काम निघालं की ती वर येते, चहा पिते, कार्यालयातल्या माणसांना नावं ठेवते आणि जाते. त्या सकाळी तिचा फोन आला. उद्या बजरंगची साक्ष आहे, आज त्याच्या घरापर्यंत जायचंय, सोबत याल का, असं म्हणाली. मला वाटलं, सोबतच हवी असेल.

बजरंग हा वनखात्याचा पहारेकरी. खात्याच्या कचेरीमागे एक खोली आहे, तिथे खटल्यातला जप्त माल ठेवतात. त्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. उद्या तो कोर्टात खरं बोलला तर मंडईमागच्या गल्लीतला पूजासाहित्याचा दुकानदार श्यामसुंदर आत जाईल. बजरंग "मला माहीत नाही" एवढे तीन शब्द बोलला तर तोच श्यामसुंदर संध्याकाळी दुकानाला दिवा लावून गल्लीत पेढे वाटेल. मुमताजची सात वर्षं या एका खटल्यात गेली होती. सगळं त्या पहारेकऱ्याच्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

आधी ती या कामात कशी पडली ते सांगते.

आमच्या कार्यालयात त्याला जनावरांचं टेबल म्हणत. खून, दरोडा, लाचलुचपत असले खटले मोठ्या वकिलांकडे. त्यात वर्तमानपत्रात नाव येतं. घोरपड, कासव, मांडूळ यांत काय येणार? शिवाय टेबल स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून, आणि कधी कधी साक्षीसाठी मालच तिथे आणून ठेवत. वाळवलेली कातडी, नखं, शिंगं. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात जायला शिपाईसुद्धा तयार नसे. मुमताज नवी नवी आली तेव्हा आमचे त्या वेळचे मोठे साहेब तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "तांबोळीबाई, हे टेबल तुम्ही घ्या. तुमच्यात मटणाच्या दुकानांची सवय असते, तुम्हाला वास सोसेल."

हसले सगळे. मी हसले नाही, पण बोललेही नाही. मुमताजने फाइल उचलली आणि शांतपणे सांगितलं, "सोसेल साहेब. माझ्या वडिलांचा धंदा पिंजऱ्यांचा होता, मटणाचा नव्हे. मटण आपल्या डब्यात बुधवारी असतं, तो वास आम्हा सगळ्यांनाच सोसतो."

पिंजऱ्यांची गोष्ट खरी. हमीद तांबोळी मंडईजवळच्या बोळात तारेचे पिंजरे करून विकायचे. पोपटाचे, मुनियांचे, लव्हबर्डचे. मुमताज कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा देशी पक्षी विकण्यावर बंदी आली. आले वनखात्याचे लोक आणि बोळातली दुकानं उठवून गेले. हमीदचाचांनी पोरीला कायद्याचं पुस्तक आणायला लावलं. यात आपल्याला सुटायला कुठे जागा आहे ते बघ, म्हणाले. ती रात्रभर वाचत बसली आणि सकाळी म्हणाली, अब्बा, जागा नाही, आणि नाही तेच बरोबर आहे. बाप तिच्याशी बरेच महिने बोलला नाही. "तुला वकील करतोय ती माझंच दुकान बंद करायला?" एवढंच एकदा म्हणाला, आणि त्यानंतर उंदरांचे सापळे करायला लागला. मुमताज हे सांगते तेव्हा हसत सांगते. सापळ्यांचा धंदा पिंजऱ्यांपेक्षा जास्त चालला, असंही सांगते. पुण्यात उंदीर कमी पडत नाहीत.

आरटीओ मागे पडलं आणि आम्ही स्टेशनच्या बाजूला वळलो. वाटेत एका दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली तशी तिने हात केला. "ते बघा, माझं एक गिऱ्हाईक." त्या दवाखान्यात आलेल्या माणसांना बसायच्या जागी भिंतीवर काचेच्या चौकटीत इंद्रजाल लावलेलं होतं म्हणे. काळ्या बारीक फांद्यांचं, जाळीसारखं. वास्तुदोष जातो, नजर लागत नाही, म्हणून लोक लावतात. झाडाची फांदी समजतात. ते झाड नाही. समुद्राच्या तळाशी वाढणारा प्रवाळ असतो तो. वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच त्याला. डॉक्टरसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मी परदेशात शिकलोय मॅडम, मला भेट आलंय. मुमताजने विचारलं, परदेशात शिकलात म्हणून कायदा लागत नाही, की भेट आलंय म्हणून?

"पुण्याला समुद्र नाही ताई," ती चालता चालता म्हणाली, "पण समुद्राचं जे जे मारता येतं ते सगळं पुण्यात येऊन विकलं जातं. तिकडच्या माणसाला भूक असते. इकडच्याला हौस."

व्हेल माशाच्या उलटीचा खटला मी स्वतः पाहिला आहे. अत्तरवाले तिला सोन्याच्या भावाने घेतात. बाणेरकडच्या एका सोसायटीत दोन शिकलेली पोरं सापडली, घरात राखाडी ढेकूळ, एकाच्या बायकोच्या ओढणीत गुंडाळलेलं. ते कोर्टात आणलं त्या दिवशी दुसऱ्या दालनांमधले वकीलसुद्धा वास घ्यायला येऊन गेले. काळे कोट घातलेली, चांगली पन्नाशीची माणसं, त्या ढेकळावर नाक टेकवून डोळे मिटत होती. एकाने तर हातरुमाल घासला आणि खिशात ठेवला. मुमताजने तो रुमाल मागून घेतला आणि मुद्देमालात जमा करायला लावला. मला त्या दिवशी डबा खाववला नाही. एका मुक्या जिवाने पोटातलं ओकून टाकलेलं, आणि त्याभोवती ही सगळी माणसं, तोंडाला पाणी सुटल्यासारखी.

पण हत्थाजोडीपुढे तेही काहीच नव्हतं.

हत्थाजोडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. बोटभर लांबीची, वाळकी, तपकिरी वस्तू. दोन हात कोपरापासून जोडून नमस्कार केल्यासारखा आकार. दुकानदार सांगतो, अमुक डोंगरातली मुळी आहे, साक्षात देवीचे हात आहेत. शेंदूर लावून, लवंगा घालून, डबीत ठेवायची. कोर्टकचेरीत यश येतं, धंदा वाढतो, मूल होतं. श्यामसुंदरच्या दुकानावर धाड पडली तेव्हा गल्ल्याखालच्या खणात एक डबा भरून निघाल्या. त्यातल्या काही तपासणीला पाठवल्या आणि अहवाल आला. त्या इंग्रजी अहवालाचा मराठी गोषवारा मी टंकित करायला घेतला.

इंग्रजी मला जेमतेम. मराठी शाळेत शिकलेली बाई मी. पण एवढं कळलं आणि हात थांबला. घोरपडीच्या नराचं लिंग, वाळवलेलं. मी "घोरपडीचा अवयव" असं टंकित केलं आणि कागद मुमताजच्या टेबलावर ठेवला.

तिने वाचलं. "कुठला अवयव, सुपेकरबाई? कान?"

मी कागद परत घेतला.

"जे आहे ते लिहा. न्यायाधीशांना वाटेल शेपटी असेल. आपण लाजलो की ते सुटतात."

मी लिहिलं. आणि मग तिने मला हेही सांगितलं की हे कसं काढतात. जिवंत घोरपडीला विस्तवावर धरतात, म्हणजे ते आपोआप बाहेर येतं. मग कापतात. मी घरी आले, आंघोळ केली, संध्याकाळचा दिवा लावला, आणि माझ्या साध्या देव्हाऱ्यापुढे बसून मला काही म्हणवेना. मी देव मानते. रोज मानते. म्हणूनच सांगते, न मानणाऱ्याला याची किळस माझ्याएवढी येणार नाही. त्याला ती फसवणूक वाटेल. मला वाटलं, कुणीतरी माझ्या देवघरात येऊन घाण करून गेलं आणि वर मलाच त्याची पूजा करायला बसवलं.

खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलाने पहिल्याच दिवशी आपला सूर लावला. "तांबोळीमॅडम, आमच्या पूजेतलं आपल्याला काय कळणार?"

"पूजेतलं नाही कळत साहेब," मुमताज म्हणाली. "घोरपडीतलं कळतं. आपल्याला दोन्हीतलं कळत असेल तर उलटतपासणी लवकर आटपेल."

त्यावर न्यायाधीशांनी दोघांनाही समज दिली. पण गल्लीत जे व्हायचं ते झालं. मुसलमान बाई आपल्या देवाच्या मागे लागली आहे, असं श्यामसुंदरने पसरवलं. दुकानावर गर्दी वाढली. मुमताजच्या दाराला कुणीतरी शेंदूर फासून गेलं. तिचा नवरा नासिर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, अबोल माणूस. त्याने रॉकेलच्या फडक्याने दार पुसलं आणि बायकोला कळू दिलं नाही. तिला ते शेजारणीकडून समजलं.

गेल्या महिन्यात जप्त माल कोर्टापुढे उघडायची वेळ आली. कापडी पिशवी, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्या. सील अखंड होतं. लिपिकाने पिशवी कापली आणि कोर्टात लवंगांचा घमघमाट सुटला. आतल्या हत्थाजोड्या ताज्या शेंदराने तेलकट, लालभडक. न्यायाधीशांनी हात मागे घेतला. मग बचावाच्या वकिलाने पिशवीची शिवण दाखवली. तीन बाजूंनी पांढरा दोरा, चौथ्या बाजूला पिवळा. कुणीतरी सीलला धक्का न लावता एक बाजू उसवली होती आणि पुन्हा शिवली होती. मोजल्या तर पंचनाम्यापेक्षा एक कमी.

"वनखात्यात देवीची स्थापना कधी झाली, मॅडम?" बचावाच्या वकिलाने विचारलं, आणि सगळं कोर्ट हसलं.

त्याचं म्हणणं सरळ होतं. आमच्या अशिलाने विकल्या त्या झाडाच्या मुळ्या. यांनी पिशवी उसवून आतला मालच बदलला. न्यायाधीशांनी खोलीची किल्ली ज्याच्याकडे त्याला साक्षीला बोलावलं आणि तारीख दिली.

त्याच संध्याकाळी बजरंग मुमताजकडे गेला. त्याने काही लपवलं नाही. "मीच उसवली मॅडम. मंगळवारी शेंदूर लावायचो, अमावशेला लवंगा. उपाशी ठिवलं तर कोपतं म्हणत्यात."

कोण म्हणतं, तिने विचारलं. तेव्हा कळलं ते असं. धाडीच्या दिवशी दुकानात सगळे पंचनाम्यात गुंतलेले असताना श्यामसुंदर बजरंगपुढे हात जोडून उभा राहिला होता. डोळ्यांत पाणी. बजरंगराव, माझं काय व्हायचं ते होवो, पण देवीला उपाशी ठेवू नका, मंगळवारचा शेंदूर चुकवू नका, तुमच्या घराण्यावर यायला नको. तिथल्या साहेबांनी ऐकलं आणि येडा आहे म्हणून सोडून दिलं. बजरंगने सोडलं नाही. येरवडा गावठाणातलं त्याचं घराणं, बापाच्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, हातात उरली ती ही नोकरी. घराण्यावर येणार म्हटल्यावर तो घाबरला. आणि माणूस व्यवस्थित, म्हणून सील तोडलं नाही. सुई घेऊन एक बाजू उसवायचा, पूजा करायचा, पुन्हा शिवून टाकायचा. सात वर्षं.

"श्यामसुंदर भक्त नव्हता ताई," मुमताज बंड गार्डनच्या रस्त्याला लागताना मला म्हणाली. "त्याने पिशवीला बोट लावलं नाही. फक्त योग्य माणूस बघून एक वाक्य बोलला. माझ्या सात वर्षांच्या कामापेक्षा त्याचं एक वाक्य भारी पडलं."

मी म्हटलं, खरंच तो तसं मानतही असेल. तिने माझ्याकडे बघितलं. "त्याच्या स्वतःच्या घराची झडती झाली होती. देव्हारा होता. हत्थाजोडी नव्हती. त्याला माहीत आहे ती काय आहे."

उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबून मी नुसतं पाणी प्यायले. मुमताज उभी राहिली. तिने घाई केली नाही.

कमी असलेली ती एक बजरंगच्या घरी होती. त्याच्या मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, सुनेला मूल नव्हतं. बायको सोजरबाई नवससायास करून थकली होती. कचेरीत अशी वस्तू नुसती पडून आहे हे नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिने त्याचा पिच्छाच पुरवला. शेवटी त्याने एक जेवणाच्या डब्यातून घरी नेली. पुढच्याच वर्षी सुनेला दिवस राहिले. आता सातवा महिना लागला आहे. सोजरबाई त्या डबीपुढून उठत नाही.

हे सगळं सांगून बजरंगने विचारलं होतं, पेन्शन जाईल का मॅडम. मुमताज म्हणाली, बहुतेक जाईल. तुमच्यावरही गुन्हा होईल, आणि वरच्यांना मला हे कळवावंच लागेल. बजरंग म्हणाला, होऊ द्या, मी खरं बोलतो, वस्तू पण आणून देतो. कारण आता त्याला अहवालातलं खरं कळलं होतं. त्याची कबुली ऐकल्यावर तिने त्याला तो तिथेच वाचून दाखवला होता. बजरंग बाहेर जाऊन ओकला. आपल्या हाताने सात वर्षं शेंदूर लावला, आणि कशाला.

मग दोन दिवसांनी पुन्हा आला. वस्तू नव्हती. "ती हात लावू देत नाय. म्हणती, देवी घराबाहेर काढाल तर माझं मढं काढावं लागंल आधी." खरं काय आहे ते तिला सांगितलं का, असं मुमताजने विचारलं. बायकोपुढे तो शब्द त्याच्या तोंडातून निघत नव्हता, आणि त्या डबीकडे त्याचा हातही जात नव्हता.

वनखात्याचे साहेब म्हणाले, त्यात काय, पोलीस घेऊन जातो, दोन मिनिटांचं काम आहे. मुमताजने त्यांना थांबवलं. त्या घरात सातव्या महिन्यातली पोर आहे. बूट घातलेली माणसं देव्हाऱ्यापर्यंत गेली, म्हातारीला बाजूला ढकललं, तर बजरंग उद्या कोर्टात तोंड उघडायचा नाही. आणि कमी पडलेली ती वस्तू समोर येऊन मोजणी जुळली नाही तर माल बदलला हा संशय फिटायचा नाही. साहेबांनी तिला आजच्या संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. उद्या सकाळी पोलीस.

"आणि साहेबांच्या गळ्यात काय आहे माहीत आहे?" ती म्हणाली. "वाघनख. आजोबांचं आहे म्हणतात. शर्टाच्या आत असतं, पण वाकले की दिसतं. मी दोनदा लेखी कळवलंय."

मी कपाळाला हात लावला. कुणावर चिडायचं तेच कळेना. दुकानदार, साहेब, दातांचा डॉक्टर, रुमाल घासणारा वकील. आणि या सगळ्यांत जी खरोखर हात जोडून बसली होती ती एकटी सोजरबाई. फसली ती तीच.

बंड गार्डनच्या पुलावर वारा होता, पण वास तोच. पाणी बंधाऱ्यावरून पडत होतं आणि खाली साबणासारखा फेस जमला होता. दोन कॉलेजची पोरं त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होती. पुढे रस्ता ओलांडून आम्ही गावठाणाच्या अंगाला वळलो. मुमताजची चाल इथे पहिल्यांदाच मंदावली. चहाच्या टपरीपाशी वनपाल दोन पंचांना घेऊन बाकावर बसला होता. त्याने मान हलवली, तिने मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ. तिथे ती थांबली आणि कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला.

"तिसरं घर," ती म्हणाली. "निळं दार. मी इथून पुढे येणार नाही."

मी मागे वळले.

"सरकारी वकिलाने साक्षीदाराच्या घरात जाऊ नये, हे एक. आणि दुसरं तुम्हाला माहीतच आहे. उद्या तो वकील विचारेल, देव्हाऱ्याला हात कुणी लावला? तिथे माझं नाव आलं की संपलं. पुढचं कुणी ऐकणार नाही."

"मग मी कशाला आले?" मी विचारलं, पण विचारताना मला कळलं होतं.

मुमताजचा आवाज कोर्टात खणखणीत असतो. तिथे देवळापाशी तो अगदी खाली आला.

"ताई, तुम्ही जा. तुम्ही देवाचं करणाऱ्या आहात, हे तिला तुमच्याकडे बघून कळेल. ती चहा टाकेल, तो घ्या. नाही म्हणू नका. मग तिला सांगा ते काय आहे. सगळं सांगा, कसं काढतात तेसुद्धा. मी सांगितलं तर शिवी होईल, पोलिसांनी सांगितलं तर धमकी. तुम्ही सांगितलंत तर ती फक्त ऐकेल. रडली तर रडू द्या. आणि शांत झाली की तुमच्या हाताने ती डबी देव्हाऱ्यातून उचलून बजरंगच्या हातात द्या. तो घेऊन बाहेर येईल, इथे वनपाल आहे, पुढचं आम्ही बघू."

देवळात कुणीतरी आधीच दिवा लावून गेलं होतं.

"आणि ताई, एवढं एक करा," ती म्हणाली. "सुनेला आधी काहीतरी काम काढून शेजारी पाठवा. ज्या वस्तूमुळे पोटातलं पोर राहिलं असं ती समजते, ती खरी काय आहे ते तिच्या कानावर जायला नको."